गॅस गीझर पेटत नाही, मधेच विझतो, भडका घेतो… घरच्या घरी काय तपासायचं आणि कुठे हात लावायचा नाही

थंडी पडली की साताऱ्यात आमच्या मंगळवार पेठेत सकाळी सहा-साडेसहाला घराघरातून गीझरचं टिकटिक टिकटिक ऐकू यायला लागतं, आणि ज्यांच्याकडे नुसतंच टिकटिक होतं, पेटत काहीच नाही, त्यातले दोन-चार जण मला फोन करतात. मी मेकॅनिक नाही. पण गेली नऊ वर्षं आमच्याकडे गॅस गीझर आहे, हे नोकरीसाठी आठवडाभर बाहेरगावी असतात, त्यामुळे बंद पडला की बघायचं माझ्याकडेच आलं. आणि दोन वर्षांपूर्वी घरात एक प्रसंग झाला (तो खाली सांगते, तो भाग प्लीज वगळू नका), त्यानंतर मी आमच्या गीझरवाल्या काकांच्या शेजारी उभी राहून एकेक पार्ट काय काम करतो ते विचारून घेतलं.

हे सगळं सिलेंडरवर चालणाऱ्या इन्स्टंट गीझरबद्दल आहे, म्हणजे ५-६ लिटरवाला भिंतीवरचा डबा. पाईपलाईनच्या गॅसचा गीझर असेल तर त्याचा जेट (गॅस बाहेर पडायचं बारीक भोक) वेगळा असतो, सिलेंडरचा गीझर तसाच पाईप गॅसला जोडायचा नाही आणि उलटंही करायचं नाही.

आधी आत काय होतं ते समजून घ्या

गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी गीझरच्या खालच्या व्हॉल्व्हमधून जातं. तिथे रबराचा एक गोल पडदा असतो, डायफ्राम म्हणतात. पाण्याच्या दाबाने तो फुगतो आणि एक पिन ढकलतो, पिन मायक्रोस्विच (एक छोटं बटण) सोडते, मग दोन मोठ्या सेलचा करंट सर्किटला मिळतो, सर्किट गॅसचा सोलेनॉइड, म्हणजे करंटवर उघडणारा व्हॉल्व्ह, उघडतं आणि त्याच वेळी बर्नरजवळच्या पिनेवर ठिणग्या पाडतं, हेच ते टिकटिक. ज्योत लागली की शेजारची दुसरी पिन, म्हणजे सेन्सर, 'ज्योत आहे' असं सर्किटला कळवते. तसं कळलं नाही तर काही सेकंदात गॅस बंद. वरून तांब्याच्या कॉइलमधून पाणी फिरतं आणि गरम होऊन बाहेर येतं.

म्हणजे क्रम असा: पाणी, सेल, गॅस, ठिणगी, सेन्सर. बिघाड शोधताना पण ह्याच क्रमाने जायचं. बरेच जण उलटं करतात, पहिल्याच फटक्यात सिलेंडर हलवून बघतात.

नळ सोडला, टिकटिकच येत नाही

दहातल्या सात-आठ वेळा सेल. डी साईजचे, दीड व्होल्टचे दोन लागतात, रिमोटमधले किंवा घड्याळातले नाही. सेल बॅटरीत टाकून 'हे बघा लाईट लागतो की' म्हणू नका, बॅटरीचा बारीक एलईडी उतरलेल्या सेलवरही लागतो, गीझरला ठिणगी पाडायला आणि सोलेनॉइड धरून ठेवायला जास्त करंट लागतो. सरळ दोन नवे टाका, दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवा नको. खालची सेलची डबी उघडल्यावर पत्र्याच्या स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर तीच अडचण आहे, सेल गळलेला असतो. कोरड्या फडक्याने पुसा, मग पॉलिश पेपरने स्प्रिंग चकचकीत होईपर्यंत घासा. उन्हाळ्यात गीझर महिना-दोन महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

सेल नवे टाकूनही शांतच असेल तर पाणी बघा. दहा लिटरची बादली गीझरच्या लाईनवर लावा आणि मोबाईलवर वेळ लावा. चार मिनिटांत भरली नाही तर दाब कमी आहे, म्हणजे मिनिटाला अडीच लिटरही येत नाहीये, एवढ्यावर डायफ्राम नीट फुगत नाही. आता दाब कमी का, ते शोधायचं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी उंचीवरून दाब घेतं, साधारण ३३ फुटांना १ बार, म्हणजे टाकी गीझरच्या दहा फूट वर असेल तर ०.३ बारच. म्हणून सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटवाल्यांची ही नेहमीची तक्रार असते आणि खालच्या मजल्यावर तोच गीझर मस्त चालतो. अशा ठिकाणी टाकी उंच स्टँडवर घेणं किंवा छोटा प्रेशर पंप, हाच उपाय. गीझर बदलून काही होत नाही, माझ्या भावाने गोडोलीच्या फ्लॅटमध्ये बदलून बघितला आणि नवा पण पेटेना, त्यावर बरेच दिवस गेले.

काल चालू होता आणि आज दाब कमी झाला असेल तर मात्र जाळी. गीझरला गार पाणी जिथून शिरतं त्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते. आधी गार पाण्याचा कॉक बंद करा, पान्याने नट सोडा, जाळी नखाने किंवा चिमट्याने बाहेर काढा. पहिल्यांदा काढली तेव्हा मला वाटलं मी चुकीचं काहीतरी काढलंय, कारण जाळी दिसतच नव्हती, तपकिरी चिखलाची टोपीच बसली होती, त्यात टाकीतल्या प्लास्टिकचा एक कपचा. आमच्याकडे कास तलावाचं पाणी, तसं मऊ, पण पावसाळ्यात गढूळ येतं आणि टाकी धुवायची राहिली की ते सगळं दिवाळीत गीझरच्या तोंडाशी. जुन्या टूथब्रशने धुवायची, वॉशर जागेवर आहे का बघायचं आणि परत लावायची. नट हाताने फिरवून सरळ बसला की मगच पाना लावा, आडवा फिरवला तर आटे जातात.

शॉवरची चाळणी पण काढून बघा. बाहेर जायची वाट तुंबली तरी आतला प्रवाह कमीच होतो. हे सगळं करून टिकटिक नाहीच तर डायफ्राम फाटलाय किंवा मायक्रोस्विच गेलाय, ते मेकॅनिकचं काम. डायफ्राम स्वस्त असतो, त्याच्यासाठी कोणी 'अख्खी व्हॉल्व्ह असेंब्ली बदलावी लागेल' म्हणालं तर आधी उघडून दाखवायला सांगा.

टिकटिक येतं पण पेटत नाही

सिलेंडर. हो, संपलेला असतो आणि लक्षात आलेलं नसतं, कारण गीझरचा सिलेंडर वेगळा गॅलरीत असतो. तो रेग्युलेटर शेगडीच्या सिलेंडरला लावून बघणं सोपं नाही, त्यामुळे सिलेंडर हलका लागतो का ते उचलून बघा. अंदाजासाठी एक हिशेब सांगते: ६ लिटरचा गीझर पूर्ण ताकदीवर चालला तर तासाला साधारण १ किलो गॅस खातो. म्हणजे १० मिनिटांच्या अंघोळीला १६० ग्रॅमच्या आसपास. चार माणसं रोज दहा-दहा मिनिटं तर १४.२ किलोचा सिलेंडर बावीस-तेवीस दिवस. तुमचा याच्यापेक्षा फारच लवकर संपत असेल तर गळतीची शंका घ्या.

नवा सिलेंडर लावल्यावर पहिल्या दोन-तीन वेळा पेटत नाही, नळीत हवा असते. नळ सोडा, दहा सेकंद, बंद करा, आणि एक-दोन मिनिटं थांबा. हे थांबणं महत्त्वाचं, एकामागून एक प्रयत्न केले तर न जळालेला गॅस डब्यात साठतो आणि मग पेटतो तेव्हा भस्सकन पेटतो.

रेग्युलेटर घरगुतीच पाहिजे, तो ३० मिलिबारच्या आसपास दाब देतो. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशरवाला रेग्युलेटर 'ज्योत जोरात येते' म्हणून लावलेला मी एका ठिकाणी बघितलाय, तसलं चुकूनही करू नका. कडाक्याच्या थंडीत, सिलेंडर संपत आलेला असताना सकाळी गॅस कमी येतो आणि दुपारी व्यवस्थित येतो, हे नैसर्गिक आहे, आतला द्रव गॅस गार पडला की त्याची वाफ कमी होते. पण त्यासाठी सिलेंडरवर गरम पाणी ओतायचं नाही, आडवा पण करायचा नाही.

गॅस आहे, ठिणगीचा आवाज आहे, तरी पेटत नसेल तर गीझरच्या डब्यावरच्या छोट्या खिडकीतून वाकून बघा, ठिणगी निळी आणि बर्नरच्या तोंडाशी पडतेय का. भलतीकडे, बॉडीवर पडत असेल तर पिन सरकलीय किंवा तिची पांढरी चिनी मातीची नळी तडकलीय. आणि बरेच महिने बंद असलेल्या गीझरच्या बर्नरच्या नळ्यांत कोळी जाळी करतात, हे खरं वाटणार नाही पण आमच्याकडे झालंय.

पेटतो आणि विझतो

इथे किती वेळाने विझतो हे घड्याळ लावून बघा, त्यावरच सगळं कळतं.

तीन-चार-पाच सेकंदात विझत असेल तर सेन्सरच्या पिनेवर काजळी. गॅस बंद, सेल काढून, गार झाल्यावर ती पिन पॉलिश पेपरने हलकीच पुसायची, वाकवायची नाही. उतरलेल्या सेलनेही असंच होतं, ठिणगी पडते पण सोलेनॉइड धरून राहत नाही.

बरोबर वीस मिनिटांनी बंद होत असेल तर तो बिघाड नाहीच, बऱ्याच मॉडेलला तसा टायमर असतो. नळ बंद करून परत सोडा.

पाणी उकळत्यासारखं येऊन विझत असेल तर जास्त तापल्यावर बंद करणारं कट-आऊट पडलंय. प्रवाह कमी आहे किंवा ज्योतीचं उन्हाळा-हिवाळा बटण हिवाळ्यावर ठेवून तुम्ही बारीक धार सोडलीय. धार वाढवा, ज्योत कमी करा.

आणि चौथा प्रकार, पाच-सात मिनिटं छान चालतो आणि मग विझतो, थोड्या वेळाने परत पेटतो, परत विझतो. आमच्याकडे हेच होत होतं.

आमचा गीझर तेव्हा बाथरूममध्येच होता, दाराच्या वर. खिडकीला काचेच्या उभ्या पट्ट्या, त्यातून गार वारा येतो म्हणून मीच डिसेंबरात तिथे पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. दोन-तीन दिवसांनी गीझर मधेच विझायला लागला. एका मेकॅनिकला बोलावलं, त्यांनी डबा उघडला, वरच्या हूडजवळच्या (ज्योतीच्या पिनेचा नव्हे, जळालेली हवा बाहेर पडते तिथल्या) सेन्सरच्या दोन वायरी काढून एकमेकींना पिळ दिला, वर काळी टेप मारली आणि म्हणाले, "वहिनी, सेन्सरच त्रास देत होता, डायरेक्ट केलंय, आता विझणार नाही." खरंच विझला नाही. मला बरंच वाटलं.

त्यानंतर चार-पाच दिवस आई, म्हणजे सासूबाई, अंघोळ करून आल्या की म्हणायच्या डोकं जड झालंय, मळमळतंय. वय अडुसष्ट, आम्ही म्हटलं थंडी बाधली असेल, सुंठ घालून चहा दिला. पाचव्या दिवशी बाथरूममधून बादली भरून वाहिल्याचा आवाज येत राहिला. हाक मारली, उत्तर नाही. कडी आतून. शेजारच्या काकांनी खांदा देऊन दार उघडलं तर आई भिंतीला टेकून बसल्यासारख्या, डोळे अर्धे उघडे, आणि गीझर शांतपणे निळा-पिवळा जळत होता. आईंना उचलून गॅलरीत आणलं, मग दवाखान्यात, तिथे ऑक्सिजन लावला. त्या वाचल्या, आज ठणठणीत आहेत. पण अजून दोन-चार मिनिटं गेली असती तर मी हा लेख लिहायला बसले नसते.

डॉक्टरांनी आणि नंतर दुसऱ्या, जाणत्या गीझरवाल्या काकांनी जे सांगितलं ते असं. दहा मिनिटांच्या अंघोळीचा १६० ग्रॅम गॅस जळायला अंदाजे दोन हजार लिटर हवा लागते. आमचं बाथरूम चार बाय सहा, उंची आठ फूट, म्हणजे आतली सगळी हवा साडेपाच हजार लिटरसुद्धा नाही. खिडकी बंद, दार बंद, तर एकाच अंघोळीत केवढा ऑक्सिजन जातो बघा. ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, माणसाला धाप लागेलच असं नाही, नुसती गुंगी येते, आणि उठून कडी काढायची ताकदच राहत नाही. तो सेन्सर आम्हाला तेच सांगत होता. त्यात बिघाड काहीच नव्हता, आम्ही त्याचं तोंड बंद केलं.

म्हणून, मधेच विझणाऱ्या गीझरचं पहिलं काम म्हणजे हवा कुठून येते ते बघणं. कुठलाही सेन्सर 'डायरेक्ट' करू द्यायचा नाही. कोणी करून गेलं असेल तर तो गीझर आजपासून बंद ठेवा, दुरुस्त होईपर्यंत बंबात नाहीतर चुलीवर पाणी तापवा. गीझरची जागा बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा डक्टमध्ये, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाईप. हा खर्च एकदाच होतो. एक्झॉस्ट फॅन आहे ना, मग चालेल, असं बरेच जण म्हणतात, पण आत हवा यायला वाट नसेल तर फॅन बाहेर काय ढकलणार, आणि कोणीतरी बटण लावायचं विसरलं की संपलं. अंघोळीनंतर डोकं दुखणं, चक्कर, मळमळ हे घरात एकापेक्षा जास्त जणांना होत असेल तर थंडीवर ढकलू नका. कोणी आत बेशुद्ध दिसलं तर आधी दार-खिडक्या उघडून माणसाला मोकळ्या हवेत आणा, स्वतः आत रेंगाळू नका, १०८ ला फोन करा आणि गीझर चालू होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ज्योत पिवळी, वर काजळी

ज्योत निळी आणि स्थिर पाहिजे. पिवळी, केशरी, लांब लोंबणारी असेल, डब्याच्या वरच्या भागावर काळं दिसत असेल तर वापर थांबवून साफसफाई करा. आमचा आता गॅलरीत आहे आणि तिथेच कपडे वाळत घालतो, त्यामुळे कापसाचे तंतू बर्नरमध्ये ओढले जातात. मी वर्षातून एकदा, घटस्थापनेच्या आधी घर झाडायला काढतो तेव्हाच हे उरकते. रेग्युलेटर बंद, पाणी बंद, सेल बाहेर, तासभर गार होऊ द्या. बटणं सरळ ओढली की निघतात, चार स्क्रू काढले की पुढचं झाकण निघतं. कोरड्या मऊ ब्रशने बर्नरच्या फटी आणि वरच्या तांब्याच्या बारीक पट्ट्यांमधली काजळी झाडायची, खाली जुना पेपर धरायचा, तोंडाला रुमाल बांधायचा. ओलं फडकं बर्नरला नको. जेटच्या भोकात सुई, टाचणी, तार काहीही घालायचं नाही, भोक तसूभर मोठं झालं तरी गॅस जास्त येतो आणि ज्योत कायमची पिवळी होते. साफ करूनही पिवळीच राहिली तर मेकॅनिक.

पेटताना भडका

धप्प आवाज होऊन पेटतो म्हणजे गॅस आधी साठतोय आणि ठिणगी उशिरा लागतेय. सेल बदला, पिन आणि बर्नर साफ करा. त्यानंतरही धप्प होत असेल तर एकदाही वापरू नका. तोंड डब्याच्या खिडकीजवळ नेऊन तर बघूच नका.

पाणी नीट तापत नाही

६ लिटरचा गीझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी वाढवतो. टाकीतलं पाणी १८ अंश असेल तर ४३, अंघोळीला पुरे. कडकडीत पाहिजे असेल तर धार कमी करा, एवढंच. पण गार लाईनला धार जोरात आणि गीझरमधून मात्र करंगळीएवढी येत असेल तर कॉइलमध्ये क्षार बसलेत. बोअरच्या पाण्यावाल्यांना हे होतंच, भावाकडे दर दीड-दोन वर्षांनी होतं. दोन्ही नळ्या सोडून, एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून ते कॉइलमध्ये भरायचं, तासभर ठेवायचं, मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. बुडबुडे येतात आणि पांढरट गाळ पडतो. संडास धुवायचं ॲसिड वापरू नका, ते तांबं खातं.

पाणी ठिबकतं

नटातून ठिबकत असेल तर वॉशर बदला. खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकत असेल तर दाब जास्त आहे किंवा त्यात कचरा अडकलाय. व्हॉल्व्हच्या मधल्या बारीक भोकातून येत असेल तर आतली रबरी सील किंवा डायफ्राम. महाबळेश्वरला वेण्णा लेककडे ज्यांची घरं आहेत त्यांनी हिमकण पडायच्या दिवसांत रात्री खालचा ड्रेन खोलून गीझर रिकामा करावा, पाणी गोठलं तर कॉइल फाटते.

गॅसचा वास

हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. वास आला की लाईटचं बटण लावायचं नाही आणि बंदही करायचं नाही, फॅन नाही, मोबाईल त्या खोलीत वापरायचा नाही. रेग्युलेटर बंद करून सिलेंडरवरून काढा, त्याला टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा, सगळे बाहेर. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो, म्हणून वरचीच खिडकी उघडून भागत नाही, दार उघडा. मग बाहेरून १९०६ वर फोन करा, गॅस गळतीची हेल्पलाईन आहे, चोवीस तास चालू.

रोजच्या तपासणीला साबणाचं पाणी पुरतं. जोडावर फेस लावा, फुगे आले की गळती. काडी ओढून बघणारे अजून आहेत, त्यांना घरातल्यांनीच अडवा. केशरी सुरक्षा पाईप पाच वर्षांनी बदला, त्यावर तारीख छापलेली असते, आणि तो दीड मीटरपेक्षा लांब नको, मधे जोड तर नकोच.

मेकॅनिकला बोलावताना 'गीझर बिघडलाय' एवढंच सांगू नका. टिकटिक येतं का, किती सेकंदांनी विझतो, ज्योत कुठल्या रंगाची, सेल कधी बदलले, बादली किती मिनिटांत भरते, हे फोनवरच सांगा, म्हणजे ते नेमका पार्ट घेऊन येतात. काम झाल्यावर झाकण लावायच्या आधी आत कुठे वायरींना पीळ देऊन टेप मारलीय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि दहा मिनिटं सलग चालवून, ज्योत निळी राहते हे बघूनच पैसे द्या.